पिच म्हणजे पायांची जागा नव्हे

विमानातल्या सीटच्या पिचबद्दल, म्हणजे दोन रांगांमधल्या अंतराबद्दल, इथे एकांनी लिहिलंय, ‘२९ इंच काही कमी नाहीत, टेप लावून बघा.’ गल्लत इथेच होते. पिच म्हणजे एका सीटवरच्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. त्यात सीटच्या पाठीची जाडीही आली. म्हणून पाठ पातळ केली की पिच घटूनही गुडघ्यांना जागा तेवढीच राहते, असं कंपन्या सांगतात. अर्धं खरं आहे. गादीही पातळ झालेली असते, ते तिसऱ्या तासाला कळतं!

रुंदीबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. बोइंग ७७७ च्या इकॉनॉमीत पूर्वी बहुतेक ठिकाणी एका रांगेत ९ जण बसत, आता बऱ्याच कंपन्या १० बसवतात. विमान काही रुंद झालेलं नाही.

आणि ‘सरकारने नियम करावा’ म्हणाल, तर अमेरिकी काँग्रेसने २०१८ मध्येच एफएएला (तिथल्या विमानवाहतूक नियामक संस्थेला) सीटची किमान मापं ठरवायला सांगितलं होतं. त्यासाठी संकटात विमानाबाहेर पडण्याच्या चाचण्याही झाल्या. पण त्यांत साठीच्या पुढचं कुणी नव्हतं, मुलंही नव्हती. माझी आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेले. खिडकीजवळून नुसतं पॅसेजपर्यंत यायला तिला मिनिटभर लागतं.