मदत हवी आहे: फॉग लॅम्पसाठी हेडलाइटच्या वायरला मारलेला जोड

मंडळी, जरा सल्ला हवाय. महिन्यातून दोनदा आंबोली घाटातून सावंतवाडीला जाणं होतं, म्हणून पावसाळ्याआधी गाडीला 55 वॅटचे दोन फॉग लॅम्प बसवून घेतले. दुकानदाराने हेडलाइटची वायर मधेच सोलली, तार पिळली, वर काळी टेप. झालं काम!

आता पंधरा दिवसांत दोनदा फ्यूज उडाला, तोही नेमका घाटात, धुक्यात. परवा टेप सोडवून पाहिली. आत नुसता चिकट गोंद, तांब्यावर हिरवट थर आणि शेजारचं इन्सुलेशन तापून कडक झालेलं. 110 वॅट भागिले 12 व्होल्ट, म्हणजे 9 अँपिअरच्या वर तर नुसते फॉग लॅम्पच खातात. 10 चा फ्यूज उडणारच. दुकानदार म्हणतो, "20 चा टाकू, साहेब." म्हणजे फ्यूजऐवजी वायर जळायची! ते काही मी करणार नाही.

माझा बेत असा: बॅटरीवरून वेगळी वायर, लगेच 15 चा फ्यूज, मग रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). मूळ वायरिंगमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट. तो हेडलाइटवरून घेऊ की पार्किंग लाइटवरून? गाडीत बीसीएम (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीचा कॉम्प्युटर) आहे, एवढ्यानेही एरर येतो का? आणि सोललेल्या मूळ वायरचं काय? सोल्डर करून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवू की क्रिंप (दाबून बसवायचा जोड) बरा?

वॉरंटीचं अजून वर्ष शिल्लक आहे, म्हणून धाकधूक. कुणी स्वतः केलं असेल तर फोटो टाका.