दशांश दिला म्हणजे रविवार सुटतो का?

प्रश्न:
ख्रिस्तात सर्वांना सप्रेम सलाम. नगर जिल्ह्यातील एका बाजाराच्या गावी माझे किराणा दुकान असून आमचा आठवडी बाजार रविवारी भरतो. आठवड्याच्या गल्ल्यातील निम्म्याहून अधिक रक्कम त्या एका सकाळी येते आणि नेमकी तीच आमच्या चर्चमधील उपासनेची वेळ आहे. गेली दोन वर्षे मी उपासनेला गेलेलो नाही. दशांश, म्हणजे देवासाठी काढलेला उत्पन्नाचा दहावा भाग, मात्र एकदाही चुकवलेला नाही. शनिवारी रात्री हिशेब करून रक्कम पाकिटात घालतो आणि ते पाकीट पत्नीच्या हाती पाठवतो. मागच्या रविवारी धाकट्या मुलीने ते पाकीट हातात घेऊन विचारले, "पप्पा, हे तुमच्या बदली का?" तेव्हापासून मनाला चैन नाही. दुकानावर कर्ज आहे, हेही खरे. जाणत्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
बायबलमधील मत्तय २३:२३ पुन्हा वाचावे. पुदिना, शेप आणि जिरे यांचासुद्धा दशांश देणाऱ्या, पण न्याय, दया व विश्वास सोडून देणाऱ्या शास्त्र्यांना व परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, प्रभू येशू तेथे खडसावतो. आपण रोज जिरे तोलता, त्यामुळे हे वचन आपल्याला आमच्यापेक्षा जवळून कळेल. दशांश सोडा असे तो म्हणत नाही. परंतु दशांश म्हणजे देवाला चुकते केलेले भाडे नव्हे, की ते दिल्यावर उरलेले नऊ भाग आणि सारा आठवडा आपल्या मालकीचा व्हावा.

उत्तर २:
मला थोडे वेगळे वाटते. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, मनुष्यासाठी झाला, असे प्रभूनेच सांगितले आहे, आणि घेतलेले कर्ज फेडणे हीसुद्धा देवापुढची जबाबदारी आहे. श्रीमंत जकातदार जक्कयाला प्रभूने सर्व काही विकायला लावले नाही. जक्कयानेच आपण होऊन अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली. मार्कच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायातला धनवान मनुष्य मात्र, सर्व विकून गरिबांना दे हे ऐकताच, खिन्न होऊन निघून गेला. धन दोघांजवळही होते, पण एकाची मूठ उघडली आणि दुसऱ्याची उघडली नाही. बंधूंनी आपली मूठ कोणत्या वेळी घट्ट होते ते पाहावे. ती रविवारीच होते असे नाही.

उत्तर ३:
नगरचाच विषय निघाला म्हणून लिहिते. नगरला राहिलेले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. त्या त्यागाचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्षात येते की टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंना सोसावी लागे. म्हणून भाऊ, निर्णय एकट्याने घेऊ नका. पाकीट दर रविवारी ज्यांच्या हाती जाते, त्या वहिनींना आधी विचारा.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. काल पत्नीशी बोललो. ती म्हणाली की तिने दोन वर्षे हे विचारायचे टाळले, कारण हप्त्याची चिंता तिलाही होती. आता रविवारी उपासनेनंतर, साडेअकराला दुकान उघडायचे ठरले आहे. गल्ला कमी भरेल, आणि हप्ता भागवण्यासाठी मोटारसायकल विकावी लागेल असे दिसते. पाकीट या वेळी धाकटी माझ्या हाती देणार आहे.