भक्तपूर: न्यातपोल टिकलं, वत्सला पडलं. कारण काय?

प्रश्न: वास्तुविद्यार्थी
नेपाळमधल्या भक्तपूरला दोन दिवस आहेत. तौमढी चौकातलं न्यातपोल मंदिर (1702, राजा भूपतींद्र मल्ल) 1934 आणि 2015 दोन्ही भूकंपांत उभं राहिलं. जवळच्याच दरबार चौकातलं वत्सला दुर्गा मंदिर 2015 मध्ये कोसळलं. फरक फक्त न्यातपोलच्या पाच चौथऱ्यांचा आहे का? जागेवर तो कसा ओळखायचा?

रंधा
चौथऱ्यांचा वाटा आहे, पण तेवढंच नाही. वत्सला शिखर शैलीचं दगडी मंदिर होतं: उंच, वजनदार, आणि दगडांना बांधून ठेवणारा लाकडी सांगाडा नाही. न्यातपोल वीट, माती आणि लाकडाचं. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा लहान, म्हणजे वरचं वजन कमी होत जातं. साल वृक्षाच्या लाकडाचे सांधे खाचेत बसवून लाकडी पाचरीने आवळलेले असतात, ते थोडे हलतात आणि धक्का जिरवतात. छताखालचे तिरके टेकू (तिथे टुंडाल म्हणतात) बाहेर आलेल्या छताचा भार भिंतीवर उतरवतात. 1934 मध्ये वरच्या भागाची पडझड झाली होती, हेही लक्षात ठेवा.

मातीकाम
खरी कमजोरी भिंतीत पाहा. दर्शनी वीट, 'दाची अपा', मागे निमुळती असते. म्हणून बाहेरून सांधा केसाएवढा दिसतो आणि आत मातीचा जाड थर असतो. हा देखणा पापुद्रा आतल्या भरावाशी नीट गुंफला नसेल तर सुटतो, भिंतीला पोट येतं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीलगत उभं राहून पाहिलं की लगेच कळतं.

दुसरा शत्रू पाणी. छताच्या फळ्यांवर मातीचा थर, त्यावर झिंगटी ही छोटी कौलं. मातीत गवत आणि पिंपळ रुजतात, कौलं उचलली जातात, पाणी मुरतं, आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोकं कुजतात. भूकंप नेमका तिथेच घाव घालतो. त्यामुळे गवत दरवर्षी उपटायलाच हवं. डागडुजीत सिमेंट वापरलं की ओल आत कोंडते. कृपया त्याला 'मजबुती' म्हणू नका.

रंधा
मातीकाम यांच्याशी सहमत. न्यातपोलच्या पायऱ्यांवर खालून राखणदारांच्या जोड्या: जयमल-पत्ता हे मल्ल, हत्ती, सिंह, शार्दूल, मग बाघिनी-सिंहिनी या देवी. प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट बलवान मानतात. गाभारा सिद्धिलक्ष्मीचा, तो फक्त पुजाऱ्यांसाठी उघडतो.

औदुंबर
पूर्वेकडचा तचपाल चौक चुकवू नका. तिथलं 15 व्या शतकातलं दत्तात्रेय मंदिर मराठी माणसाला जवळचं वाटेल. दारात पुन्हा जयमल-पत्ता भेटतील. शेजारच्या पुजारी मठाची मयूर खिडकी दर्शनी बाजूला नाही, बाजूच्या अरुंद गल्लीत आहे. बरेच जण चौकातच शोधत राहतात. वाटेत जमिनीखाली उतरणारे 'हिटी', म्हणजे दगडी धारे (पाण्याच्या तोट्या), दिसले की पाणी कुठून येतं ते पाहा: शेजारी खोल पाया खणला की आतले झरे तुटतात आणि धारा आटतो.