कुऱ्हाड न लावता मारलेली तिवरं: तक्रार कशी करायची?

खाजणकाठ (उरण):
आमच्या गावामागच्या खाजणातली तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उभ्या उभ्या वाळलीत. एकावरही कुऱ्हाड पडलेली नाही. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने डंपरसाठी खाडीच्या फाट्यावर डेब्रिजचा भराव टाकला. खाली साधा पाइपही ठेवला नाही. पावसाळ्यात आत पाणी तुंबलं, उन्हाळ्यात चिखलाला भेगा पडल्या. आधी पानं पिवळी होऊन गळाली, आता साल सुटतेय. लहानपणी आम्ही तिवराचं पान चाटायचो, खारट लागायचं. परवा मुलीला ते दाखवायला नेलं, तर हिरवं पान सापडायला अर्धा तास गेला. तक्रार केली, तर म्हणे "झाड तोडलेलं नाही, मग गुन्हा कसला?" खरंच असं आहे का?

भरतीओहोटी:
अजिबात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्येच खारफुटीची तोड आणि नाश, दोन्ही थांबवायला सांगितलं होतं. खारफुटीत डेब्रिज टाकणंही तेव्हाच बंद केलं. 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात ही बंदी कायम झाली, भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यासकट. जमीन खाजगी असली तरी सुटका नाही, आणि नष्ट झालेली खारफुटी पुन्हा उभी करायची जबाबदारी सरकारची आहे.
चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात ती तिवराची श्वास घेणारी मुळं. ती ओहोटीला उघडी पडली नाहीत तर झाड गुदमरतं. उन्हाळ्यात भरती आली नाही तर मातीत मीठ साठत जातं. भराव घालून झाड मारता येतं, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. तहसीलदार आणि कांदळवन कक्ष (वनखात्याचा खारफुटी सांभाळणारा विभाग), दोघांकडे द्या आणि पोच घ्या. गूगल अर्थवर जुनी चित्रं मिळतात, भरावाच्या आधीचं आणि आत्ताचं शेजारी शेजारी लावा.

पागवाली आजी:
बाळा, झाडांसोबत चिंबोऱ्यापण लिही. मी चाळीस वर्षं बिळात हात घालून चिंबोऱ्या काढल्यात. मुळांत कोलंबीची पिल्लं वाढतात, निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, उड्या मारतात. पाणी बंद झालं की आधी निवट्या जातात, झाडं मागून. आमच्याकडे असंच झालं, आणि आम्ही झाडं वाळेपर्यंत गप्प बसलो. ते मला अजून सलतं. कागदावर फक्त झाडं असली तर आमचं पोट कुणाला दिसणार?

खाजणकाठ (उरण):
आजी, निवट्या गेल्याच आहेत. मला ते आत्ता लक्षात आलं. चिंबोऱ्या काढणाऱ्या सात घरांची नावं अर्जात घालतोय, त्यांना विचारून.
परवा अमावास्या आहे, दुपारी साडेबाराच्या सुमाराला उधाण भरेल. भरावाच्या दोन्ही बाजूंना एकेक बांबू ठोकलाय, वीतवीत अंतरावर रंगाच्या खुणा करून. बाहेरच्या बांबूवर पाणी कुठवर चढतं आणि आतला कोरडाच राहतो का, दोन्ही एकाच फोटोत घेणार आहे. मुलगी येते म्हणालीय, फोन तीच धरेल.