वाळवंटातले पाल्मिरा एवढे संपन्न कसे झाले?

पंचवटीकर (प्रश्न):
गेल्या रविवारी नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यापुढे उभा होतो. भरुकच्छ, दशपुर, शूर्पारक आणि आपले गोवर्धन येथे धर्मशाळा बांधल्याचे, तळी व विहिरी करून दिल्याचे शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे कोरवून ठेवले आहे. ते वाचताना सीरियाच्या वाळवंटातील पाल्मिरा, म्हणजे तदमोर, आठवले. चहूकडे ओसाड माळ असताना तेथे बेल देवाचे एवढे भव्य मंदिर कसे उभे राहिले? एका झऱ्याच्या पाण्यावर हे शक्य होते का?

सातपूरकर:
झऱ्यामुळे वस्ती झाली. वैभव मात्र वाटेमुळे आले. एफ्का झऱ्याच्या गंधकयुक्त पाण्यावर खजुराच्या बागा पोसल्या जात आणि तदमोरचे नाव युफ्रेटिसकाठच्या मारी या प्राचीन नगरातील जवळपास चार हजार वर्षांपूर्वीच्या मृत्पट्टिकांतही येते. परंतु भूमध्य समुद्र आणि युफ्रेटिस यांच्या साधारण मध्यावर असल्याने उंटांच्या तांड्यांना ते सोयीचे पडले. मंदिर इ. स. ३२ मध्ये अर्पण झाले. इ. स. १३७ चा जकातीचा शिलालेख तर अवश्य अभ्यासावा: सुगंधी तेल अलाबास्टर या मऊ दगडाच्या कुप्यांतून आले, तर उंटाच्या ओझ्यामागे कातडी बुधल्यांतील तेलापेक्षा अधिक जकात पडे.

गोदाकाठ:
सातपूरकरांच्या उत्तराला एक जोड देतो, कारण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. तांडा सुखरूप पोहोचवणाऱ्याला त्या गावात मोठा मान होता. रस्त्याकडेच्या स्तंभांना अर्ध्या उंचीवर जे दगडी टेकू दिसतात, त्यांवर अशा मानकऱ्यांचे पुतळे असत. इ. स. १५७ च्या एका लेखात ‘सिथिया’हून, म्हणजे सिंधूच्या मुखाकडील शकांच्या मुलखातून, जहाजाने परतलेल्या व्यापाऱ्यांनी आपल्या साहाय्यकर्त्याचा गौरव केला आहे. अरबी समुद्रातील सोकोत्रा बेटावरील होक गुहेत इ. स. २५८ ची पाल्मिरी लिपीतील लाकडी पाटी मिळाली, आणि त्याच गुहेत भारतीय खलाशांनी ब्राह्मीत आपली नावे लिहून ठेवली आहेत.

पंचवटीकर:
मनःपूर्वक आभार. म्हणजे तेथे तांड्याच्या रक्षकाला पुतळा आणि येथे विहीर खोदवणाऱ्याचा शिलालेख, दोन्ही वाटसरूंच्या सोयीसाठीच. ते मंदिर आज पाहता येईल का?

सातपूरकर:
दुर्दैवाने नाही. पाल्मिराची राणी झेनोबिया हिचा इ. स. २७२ मध्ये रोमन सम्राट ऑरेलियनने पाडाव केल्यानंतरही ते टिकले होते. ऑगस्ट २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटने ते सुरुंगाने उडवले. अनेक दशके तेथील अवशेषांची निगा राखणारे पुरातत्त्वज्ञ खालिद अल-असद यांची त्याच महिन्यात हत्या झाली. गाभाऱ्याचे उंच प्रवेशद्वार तेवढे ढिगाऱ्यात उभे राहिले.