वडिलांची अडीच हजार पुस्तकं आहेत, विकावीत की द्यावीत? (सोलापूर)

बाळीवेसवाली
नमस्कार मंडळी. आमचं बाळीवेशीतलं जुनं घर दिवाळीच्या आत मोकळं करून द्यायचंय आणि आई माझ्याकडे विजापूर रोडला राहायला येतेय. अडलंय ते वडिलांच्या पुस्तकांपाशी. अडीच हजार तरी असतील. वडील शाळेत मराठी शिकवायचे, पगार झाला की पुस्तक यायचंच, आणि प्रत्येकावर पहिल्या पानावर तारीख नि किंमत लिहिलेली. कथा-कादंबऱ्या आहेत, दिवाळी अंकांचे गठ्ठे, विश्वकोशाचे खंड, काकांची वकिलीची पुस्तकं, आजीची कन्नड पुस्तकं आणि एक पत्र्याची ट्रंक भरून बारक्या पुस्तिका, शाळांच्या स्मरणिका, गिरणी कामगारांची पत्रकं असलं कायकाय. रद्दीवाला सगळं किलोवर न्यायला तयार आहे, एका वाचनालयात विचारलं तर त्यांनी जागा नाही म्हणून सांगितलं. पैसे आले तर हवेच आहेत, पण आईचं म्हणणं एकच की वाचणाऱ्याच्या हातात जाऊ देत. कुठनं सुरुवात करू?

जुनी_पानं
ताई, सगळ्यात आधी ती ट्रंक रद्दीवाल्याच्या नजरेआड करा. खरंच सांगतो, तुमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे, कपाटातल्या कादंबऱ्या नाहीत. गाजलेल्या कादंबरीच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात, ती आज गेली तर उद्या दुकानात मिळते. गिरणी कामगारांचं पत्रक एकदा छापलं, वाटलं, संपलं. सोलापुरात १९३० साली मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला चौघा हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली, हे आपल्याला शाळेत असल्यापासून पाठ आहे, पण त्या काळातलं आणि नंतरच्या गिरण्यांच्या काळातलं रोजचं आयुष्य कळतं ते असल्या पत्रकांतनं, संपाच्या हँडबिलांतनं, शाळेच्या स्मरणिकेत मागं दिलेल्या दुकानांच्या जाहिरातींतनं. अशा कागदांची दुसरी प्रत कुठं असेल याचा भरवसा नसतो. प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढा, नाव, साल, छापखाना एवढं वहीत लिहा आणि ती यादी घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात नाहीतर पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. सुटं सुटं विकू नका, एकत्र असण्यातच त्याची किंमत आहे.

बाकीच्याचं स्पष्ट सांगायचं तर, विश्वकोशाच्या खंडांना गिऱ्हाईक मिळणं अवघड, कारण तो आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. दिवाळी अंकांत जुने अंक घेणारे संग्राहक असतात, पण मुखपृष्ठ शाबूत पाहिजे. पानाचा कोपरा हलका दुमडून बघा, तुटून हातात आला तर तो अंक पार्सलचे हाल सोसणार नाही. आणि प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटका. पत्रं, फोटो, पावत्या, काहीही निघतं.

ग्रंथपाल_निवृत्त
वाचनालयं नको म्हणतात ती माज म्हणून नाही हो. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात देणगीचं पुस्तकसुद्धा दाखल नोंदवहीत चढवावं लागतं आणि एकदा चढलं की नंतर काढायला निर्लेखनाची रीतसर प्रक्रिया करावी लागते, त्यामुळे पाचशे पुस्तकं एकदम दारात आली की ग्रंथपालाला घाम फुटतो. म्हणून ‘पुस्तकं द्यायचीत’ असं विचारूच नका. यादी करा, नाव, लेखक, आवृत्तीचं साल, आणि ‘यातली तुम्हाला कुठली हवीत त्यावर खूण करा’ म्हणून ती पुढं ठेवा. शहरातल्या मोठ्या वाचनालयांकडं बरंचसं आधीच असतं, त्यामुळे तालुक्याच्या, गावच्या लहान वाचनालयांना आधी विचारा, मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडं. तिथं चांगली कादंबरी खरंच वाचली जाते, हातोहात फिरते, बायंडिंग सुटेपर्यंत. मास्तरांची पुस्तकं आहेत म्हटल्यावर तिथं जाणं मला जास्त बरोबर वाटतं.

कोर्टरोड
वकिलीच्या पुस्तकांचं मी सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली म्हणून जुनं आयपीसी (भारतीय दंड संहिता) सगळंच रद्दी झालं असं नाही, त्या आधीच्या गुन्ह्यांचे खटले अजून जुन्याच कायद्यानं चालायलेत, त्यामुळे कलमांचं चांगलं स्पष्टीकरण असलेलं पुस्तक ज्युनियर वकील घेतात, बार रूममध्ये विचारा. निकालांचे जाडजूड बांधीव खंड मात्र कोण घेत नाही, सगळं ऑनलाइन आहे.

आणि आजीची कन्नड पुस्तकं मराठी वाचनालयात टाकू नका की ओ, तिथं ती नुसती पडून राहतील. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात कन्नड शाळा आहेत, शिक्षकांना फोन करा.

बाळीवेसवाली
खूप खूप आभार सगळ्यांचे. काल ट्रंक उघडली, आई दोन तास तिथनं उठली नाही. दोन शंका आहेत. खालच्या फळीमागं भिंतीवर मातीच्या रेघा दिसतायत, वाळवीच असणार. आणि पुण्याच्या मावशीला साठेक पुस्तकं पाठवायचीत, कुरिअरवाला फार पैसे सांगतोय.

जुनी_पानं
वाळवीच आहे ती. त्या फळीवरची पुस्तकं बाकीच्यात अजिबात मिसळू नका. घराबाहेर, सावलीत वेगळी ठेवा, एकेक उघडून ब्रशनं झाडा, शिवणीपाशी माती किंवा भुसा दिसला तर ते पुस्तक कुणालाही देऊ नका, दुसऱ्याच्या कपाटाला लागण होईल. कडक उन्हात वाळत घालू नका, आपल्या सोलापूरच्या उन्हात बांधणीचा डिंकच सुटतो. आणि ट्रंक भिंतीला टेकलेली असेल तर आजच पुढं ओढा.

पोस्टमनचा_पोरगा
ताई, पोस्टात ‘ज्ञान पोस्ट’ विचारा. १ मे २०२५ पासून सुरू झालंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स, ट्रॅकिंगपण मिळतं. रस्त्यानं जातं म्हणून वेळ लागतो, पण मावशीला काय घाई असणार. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा छापखान्याचं नाव पाहिजे आणि नियतकालिकं चालत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंक त्यात घालायच्या आधी काउंटरवर विचारून घ्या. पाच-पाच किलोचीच पार्सलं करा, मोठ्या खोक्याचा तळ फाटतो. मी आसरा चौकात राहतो, मजबूत मोकळी खोकी लागली तर सांगा, रविवारी आणून देतो.

बाळीवेसवाली
लागतील, नक्की आणा. ट्रंकेची यादी निम्मी झालीय, आई वाचून दाखवतेय आणि मी टाइप करतेय. रद्दीवाल्याला नको म्हणून कळवलं.