मदत हवी आहे : गोव्यातील स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीविषयीची जनमते कुठे मिळतील?

मुरगाव तालुक्यात स्थायिक झालेल्या कन्नडभाषक कुटुंबांविषयी मी दीर्घ लेख लिहीत आहे. परप्रांतीयांबद्दलची स्थानिकांची नाराजी त्यांच्या आजोबांच्या आणि नातवांच्या पिढीत सारखीच आहे की शाळा, शेजार आणि लग्नसंबंध यांमुळे ती बदलली, हे मला पुराव्यानिशी मांडायचे आहे.

२०११ च्या जनगणनेतील स्थलांतराचे तक्ते पाहिले, परंतु ते जन्मस्थान आणि पूर्वीचे वास्तव्य यांवर आधारलेले असल्याने याच तालुक्यातील वास्कोत जन्मलेले मूल त्यांत स्थलांतरित ठरत नाही. म्हणजे मला हवी असलेली पिढीच तेथे अदृश्य होते. मातृभाषेचे तक्ते थोडे उपयोगी आहेत, मात्र घरी कन्नड आणि बाहेर कोकणी बोलणाऱ्याची नोंद त्यांत कन्नड अशीच होते. मराठीची आकडेवारी तर मी वापरणारच नाही, कारण पेडणे-डिचोलीतील मूळ मराठीभाषक आणि सिंधुदुर्गातून आलेले त्यांत वेगळे काढता येत नाहीत. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील वृत्तपत्रांत नेत्यांची विधाने भरपूर आहेत, सामान्यांची मते विरळा.

पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याचे नियम मला ठाऊक आहेत. ती माहिती नको. मराठी, कोकणी (रोमी, म्हणजे रोमन लिपीतीलसुद्धा) आणि इंग्रजी साहित्य चालेल, परंतु विद्यापीठाच्या सशुल्क संग्रहात मला प्रवेश नाही.

स्थानिकांची मते वयोगटानुसार नोंदवणारे एखादे सर्वेक्षण किंवा प्रबंध कोणाच्या पाहण्यात आहे का, आणि नसल्यास मुलाखतींत ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न गोव्यातच जन्मलेल्यांना न दुखावता कसा विचारावा?